दिवाळीत मुलांच्या हातून काय करवून घ्यायचं? पणत्या, कंदील, भेटकार्ड आणि किल्ला

दिवाळीची सुट्टी लागली की तीन ते आठ वर्षांची मुलं दिवसभर घरात असतात आणि फराळाच्या धांदलीत त्यांच्या हातांना काहीतरी काम हवं असतं. शिवाय पाडव्याला आजी-आजोबांकडे, भाऊबीजेला आत्याकडे जायचं असतं आणि तिथे मुलांनी स्वतः केलेलं काही न्यावं अशी हौसही असते. मग पणत्या रंगवायच्या, कंदील करायचा, भेटकार्डं करायची की सोसायटीतल्या पोरांबरोबर किल्ला बांधायचा? आमच्या घरातल्या आणि इमारतीतल्या मुलांबरोबर मी हे सगळं करत आले आहे. चारही गोष्टी मला प्रिय आहेत, पण प्रत्येक मुलाला, प्रत्येक घराला चारही जमतात असं नाही. जे ठरवायला बसले आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सामानाची काळजी नाशिककरांना नको. मेन रोड, रविवार कारंजा, दहीपूल या भागात एका फेरीत कार्डशीट, पतंगी कागद, रंग, ब्रश सगळं हाती लागतं. साध्या पणत्यांसाठी जुन्या नाशकातला कुंभारवाडा आहेच, आणि दिवाळीआधी हातगाडीवाले कॉलनीतही येतात. खरी अडचण निवडीची आहे.

निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहते: यातलं किती काम मुलाच्या स्वतःच्या हातून होणार? पणतीवरचे ठिपके नातवाने स्वतः दिलेले असले तर आल्या-गेल्या प्रत्येकाला तो ते बोट ठेवून दाखवतो. कंदिलाचं बहुतेक काम बाबांनी केलं असेल तर कंदील टांगून होईपर्यंत मूल दुसरीकडे खेळायला गेलेलं असतं. वस्तू देखणी किती झाली हा प्रश्न त्यानंतरचा.

पणती

भेट म्हणून माझं पहिलं मत पणतीला. चार वर्षांच्या पुढचं कोणतंही मूल ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू शकतं आणि काम सुरू होतं तेच मुळी खेळासारखं.

नव्या कोऱ्या पणत्या आधी पाण्यात भिजवायच्या असतात. बादलीत पणती बुडवली की भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि बुडबुड्यांची सर वर येते, बारीक चर्र आवाजही येतो. मुलं बादलीवर डोकी टेकवून बसतात. कोणाच्या पणतीचे बुडबुडे जास्त वेळ येतात यावर पैजा लागतात. रात्रभर भिजलेली पणती पुढे तेलही कमी पिते. पण भिजवल्यावर निदान एक पूर्ण दिवस उन्हात वाळवा. आत ओल राहिली तर वरच्या रंगाचे पोपडे निघतात आणि मुलाचा हिरमोड होतो.

रंग कोणते? पोस्टर कलर हाताळायला सोपे, कपड्यांवरून धुऊन जातात, पण तेलाचा किंवा ओला हात लागला की पणतीवरूनही निघतात. ॲक्रिलिक टिकतात, मात्र कपड्यावर वाळले की जात नाहीत, तेव्हा मुलांना जुने कपडे घाला. जी पणती भेट द्यायची तिला ॲक्रिलिक, घरी ठेवायची तिला पोस्टर कलर, असं मी करते. रंग फक्त बाहेरच्या बाजूने. आतला भाग आणि वात जिथे टेकते ती चोच कोरी ठेवायची, कारण तिथे ज्योत असते. टिकल्या, आरसे चिकटवायचे तर तेही चोचीपासून लांब.

नक्षी म्हटली की आपण लगेच कुंदन आणि चमकी आणतो. मला त्यापेक्षा वारली पद्धत फार आवडते आणि ती आपल्या जवळचीही आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आपल्याच जिल्ह्यातल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत वारली समाजाची वस्ती आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने ही चित्रं काढतात. गेरूत थोडा फेव्हिकॉल मिसळून पणतीला बाहेरून हात द्या आणि वाळल्यावर पांढरा रंग नि टूथपिक मुलाच्या हाती द्या. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड, वर गोल डोकं, चार रेघा म्हणजे हातपाय. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं. पणती गोल असल्यामुळे तिच्याभोवती हात धरलेली माणसं काढत गेलं की वारल्यांच्या तारपा नाचाचा फेर आपोआप पूर्ण होतो. पहिला माणूस आणि शेवटचा माणूस एकमेकांना भेटले की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते पाहण्यासाठी मी दरवर्षी पणत्या आणते. तीन-चार वर्षांच्या मुलांना नुसते ठिपके द्यायला सांगा. कान साफ करायची कापसाची काडी रंगात बुडवून टेकवली की नीट गोल ठिपका उमटतो.

पणतीचे तोटे दोन. माती सच्छिद्र, त्यामुळे तेल हळूहळू झिरपतं आणि बाहेरच्या नक्षीवर डाग पडतात. भेट देताना सोबत छोटी ताटली द्या, किंवा पणतीत टीलाइट ठेवून द्या. दुसरं म्हणजे फुटण्याची भीती. एसटीने जाणार असाल तर प्रत्येक पणती वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळून मिठाईच्या खोक्यात घट्ट बसवा, हलायला जागा ठेवू नका.

कंदील

कंदिलाची शान काही वेगळीच, पण लहान मुलांच्या बाबतीत इथे फसायला होतं. बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक कंदील करायचा तर कामट्या तासायच्या, दोऱ्याने कोन बांधायचे, पतंगी कागद ताणून चिकटवायचा. कामटीची कूस बोटात जाते, आणि सांगाडा तिरका झाला की कागद नीट बसतच नाही. आठ वर्षांच्या आतल्या मुलाचं काम यात झिरमिळ्यांपुरतं उरतं. घरात आजोबा किंवा काका हौशी असतील तर जरूर करा. कंदील बांधणारे हात पाहणं हेही मुलाच्या वाट्याला यायला हवं. फक्त त्याला मुलाने केलेली भेट म्हणू नका.

कागद चिकटवायला घरी खळ करणार असाल तर एक काळजी घ्या. कीड लागू नये म्हणून जुन्या पद्धतीत खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे आणि मुलं बोटं तोंडात घालतात. नुसती मैद्याची किंवा कणकेची खळ शिजवा आणि उरलेली टाकून द्या.

कार्डशीटचा कंदील मात्र पाच वर्षांच्या पुढे उत्तम. कागद लांबीत मध्ये दुमडायचा, दुमडलेल्या बाजूकडून दीड-दोन सेंटीमीटर अंतरावर चिरा द्यायच्या, वरची कड तीन सेंटीमीटर अखंड ठेवायची, मग उलगडून नळी करायची. रेघा तुम्ही आखा, कात्री मुलाला चालवू द्या, बोथट टोकाची. रेघेवरून कापणं साधारण पाचव्या वर्षी जमू लागतं. त्याआधीची मुलं कचाकच तुकडे करतात, त्यांना झिरमिळ्यांच्या पट्ट्या कातरायला द्या. खाली झिरमिळ्या, वर दोरा, झालं. आत एलईडीचा छोटा दिवा किंवा माळच सोडायची. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागदाला धोका असतो, मेणबत्तीचा तर विचारच नको. होल्डर आणि वायर हे काम मोठ्यांचं.

पणतीच्या तुलनेत या कंदिलाला एक मोठा फायदा आहे: उलगडलेला कागद सपाट राहतो. फायलीत घालून पुण्याला मामाकडे न्या आणि तिथे गेल्यावर मामासमोर मुलाला गुंडाळून स्टेपल करू द्या. कमजोरी पावसाची. ऑक्टोबरातल्या दिवाळीत परतीचा पाऊस सांगून येत नाही आणि उघड्या गॅलरीतला कागदी कंदील एका सरीत लोळागोळा होतो. आत, खिडकीपाशी टांगायचा.

भेटकार्ड

तीन वर्षांचं मूल घरात असेल तर फार विचार न करता कार्ड करा. त्या वयात ब्रश मुठीत धरला जातो, पणती निसटते, कात्री चालत नाही. पण अंगठा चालतो. पिवळ्या रंगात अंगठा बुडवून कागदावर टेकवला की ज्योत तयार होते, खाली तुम्ही पणतीची रेघ काढायची. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा, पेरूच्या पानाच्या मागच्या बाजूला रंग लावून दाबलं की शिरांची जाळी. नाशकात द्राक्षाची पानं हाताशी असतात आणि आकाराने ती सुरेखही असतात, पण द्राक्षबागांवर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. बागेतली पानं लहान मुलांच्या हाती देऊ नका, दारातला पेरू किंवा जास्वंद बरी.

खर्च जवळपास शून्य, पसारा पुसता येण्याजोगा, आणि एका बैठकीत पाच-सहा कार्डं होतात. त्यामुळे ज्यांना आपण एरवी भेट द्यायला विसरतो त्यांच्यापर्यंत ती पोचतात: व्हॅनवाले काका, घरकामाला येणाऱ्या मावशी, रात्रपाळीचे वॉचमन. मुलाने स्वतःच्या हाताने कार्ड द्यावं एवढं मात्र पाहा. लिहिता येणाऱ्या मुलाला मजकूर सांगू नका. «मावशी तुमचा शिरा मला आवडतो» असं त्याने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला जाऊ नका.

चमकीची पूड कार्डावरही टाळा, बोटावरून ती डोळ्यांत जाते. तीन वर्षांच्या आतल्या मुलांजवळ मणी, खडे, टिकल्याही नकोत, त्या थेट तोंडात जातात. दुकानात मिळणाऱ्या तयार किटमध्ये नेमकं हेच भरलेलं असतं, म्हणून मोठ्या मुलांसाठी घाईच्या वेळी किट चालेल, छोट्यांसाठी नाही.

किल्ला

किल्ला कुणाला भेट देता येत नाही, म्हणून तो खरं तर या रांगेत बसत नाही. तरी घालते आहे, कारण वेगवेगळ्या वयाची चार-सहा मुलं एकत्र असतील तर बाकी तिन्ही गोष्टींना तो मागे टाकतो. दोन वर्षांचं पोर चिखल थापतं, पाच वर्षांचं पायऱ्या करतं, आठ वर्षांचं बुरूज आणि तटबंदी सांभाळतं. कुणीही रिकामं राहत नाही.

विटा-दगडांचा उतार रचायचा, त्यावर ओलं गोणपाट, वर मातीचा थर. आपल्याकडची काळी माती वाळली की तिला भेगा पडतात, म्हणून तिच्यात लाल माती किंवा वाळू मिसळा. अळीव किंवा मोहरी पसरून दिवसातून दोनदा पाणी शिंपडलं की तीन-चार दिवसांत हिरवळ दिसते. सकाळी उठून अंकुर बघायला धावणारी मुलं पाहिली की एवढा चिखल सार्थकी लागतो. हाताला जखम असेल तर मात्र मातीत घालू देऊ नका, आणि नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं.

मनातला एखादा किल्ला करण्यापेक्षा खरा किल्ला पाहून करा. पेठ रस्त्याच्या बाजूला, नाशिकपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास रामशेज आहे. फार उंच नाही, सवयीची मुलं चढून जातात. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी तो अनेक वर्षं लढवला. तोफांची उणीव भासली तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करवून घेतल्या, असं सांगतात. ही गोष्ट ऐकलेली मुलं आपल्या किल्ल्यावर काडीच्या तोफा लावल्याशिवाय राहत नाहीत. पायऱ्यांची हौस असेल तर हरिहर करायला घ्या. कातळात खोदलेल्या त्याच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या मातीत उतरवताना मुलं तासन् तास गुंगतात.

फ्लॅटमध्ये अंगण नसेल तर जुन्या परातीत किंवा पसरट टबात छोटा किल्ला होतो, पण मजा निम्मी होते. तेव्हा सोसायटीच्या आवारात कोपरा मिळतो का ते आधी विचारा.

किती दिवस हातात आहेत?

वसुबारसेला आठवडा असेल तर किल्ला आणि पणत्या दोन्ही जमतील: पहिल्या दिवशी किल्ल्यावर अळीव पेरायचा आणि पणत्या भिजत घालायच्या, दुसरा दिवस पणत्या वाळण्याचा, तिसऱ्या दिवशी रंग. तीन-चार दिवस उरले असतील तर नुसत्या पणत्या. एक संध्याकाळच हाती असेल तर कार्डशीटचा कंदील किंवा भेटकार्ड. दोन्ही एकाच वेळी काढू नका, ओले रंग आणि कात्र्या एका टेबलावर नांदत नाहीत.

घरात सात वर्षांची ताई आणि तीन वर्षांचा भाऊ असेल तर दोघांना एकच काम देऊ नका. ताईचा नाच काढून होतो आणि भाऊ त्यावर हात फिरवतो, मग रडारड. ताईला पणत्या द्या. त्याच पणत्यांच्या खोक्यावर चिकटवायचं कार्ड भावाच्या अंगठ्यांचं असू द्या, म्हणजे आजीच्या हातात खोकं देताना दोघांनाही पुढे यायचा हक्क राहतो. प्रत्येक वस्तूच्या मागे मुलाचं नाव आणि साल पेन्सिलीने घाला. पणतीला खालून तळाशी लिहिता येतं, तिथे रंग लागत नाही.