महासागरावर एचएफ की सीपीडीएलसी?

उत्तर अटलांटिक ओलांडायला निघालेले छोटे विमान ऑपरेटर एक प्रश्न हमखास विचारतात: डेटालिंक (म्हणजे सीपीडीएलसी, कंट्रोलरशी लेखी संदेशांची देवाणघेवाण, आणि तिच्या जोडीची एडीएस-सी) बसवायचं, की एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या आवाजी रेडिओवर भागवायचं? प्रश्न रास्त आहे. तिथली डेटालिंकची सक्ती फ्लाइट लेव्हल २९० ते ४१० (साधारण २९,००० ते ४१,००० फूट) या पट्ट्यापुरती आहे आणि बरीच बिझनेस जेट त्याच्याही वर जातात. फक्त एक ध्यानात ठेवा, टाक्या भरलेल्या असताना विमान जड असतं, लेव्हल ४३० लगेच गाठता येत नाही. मग २९० च्या खालून जावं लागतं आणि इंधनाचा हिशोब कोलमडतो.

मी दोन्ही पद्धतींनी हा समुद्र ओलांडला आहे.

एचएफला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. सेलकॉल, म्हणजे फक्त आपल्या विमानासाठी वाजणारी घंटी, तपासून घेतला की खरखर ऐकत बसावं लागत नाही. शिवाय कान लावला तर इतरांचं बोलणं ऐकू येतं, पुढे कुणाला टर्ब्युलन्स लागतोय ते आपोआप कळतं. सीपीडीएलसीवर ही सोबत नसते, १२३.४५ या वैमानिकांच्या आपसातल्या फ्रिक्वेन्सीवर थोडीफार मिळते तेवढीच. ध्रुवाकडे तर भूस्थिर उपग्रह क्षितिजाखाली जातात, तिथे इरिडियम (ध्रुवांवरूनही फिरणाऱ्या उपग्रहांची सेवा) नसेल तर एचएफच कामी येतो.

माझा निर्णय झाला तो मात्र मार्गबदलामुळे. एचएफवर आपण बोलतो तो कंट्रोलर नसतो, रेडिओ ऑपरेटर असतो. शॅनविक हे अटलांटिकच्या पूर्वेकडच्या भागाचं नियंत्रण केंद्र; त्याचं रेडिओ केंद्र आयर्लंडमध्ये बॅलिगिरीनला, कंट्रोलर स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला. आपली विनंती ऑपरेटरकडून कंट्रोलरकडे जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. एका रात्री ५६१६ या एचएफ फ्रिक्वेन्सीवर आम्हाला चार बिंदूंचा नवा मार्ग मिळाला. तिसऱ्या बिंदूचं अक्षांश ५३ की ५४, ते खरखरीत कळेना. पुन्हा विचारलं, तर मध्येच दुसऱ्या विमानाचं बोलणं आलं. मग रीडबॅक (ऐकलेलं परत म्हणून दाखवणं), त्यात दुरुस्ती, पुन्हा रीडबॅक. एका अंशाचा फरक म्हणजे ६० सागरी मैल. ३० पश्चिम रेखांश जवळ येत होतं आणि आमच्यातला एक जण पूर्णवेळ त्या आवाजाला बांधलेला होता. मार्ग शेवटी नीट मिळाला, कुठलीही चूक झाली नाही. पण ती पंधरा-वीस मिनिटं मी विसरलेलो नाही.

सीपीडीएलसीवर तोच बदल मजकुरात येतो आणि बहुतेक विमानांत थेट एफएमएसमध्ये, म्हणजे विमानाच्या मार्ग-संगणकात चढवता येतो. पोझिशन रिपोर्टचं, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळवण्याचं काम एडीएस-सी ही यंत्रणा परस्पर करते. शॅनविक आणि पश्चिमेकडच्या गँडर केंद्राने २०२४ मध्ये वेगळा ओशनिक क्लिअरन्स (महासागर ओलांडण्याची स्वतंत्र परवानगी) देणं थांबवलं. आता आपण आरसीएल, म्हणजे कोणत्या मार्गाने व पातळीवर जायचं ते कळवणारा संदेश पाठवतो आणि मार्गात किंवा पातळीत काही बदलायचं असेल तर ते सांगितलं जातं. अशा वेळी मजकूर हाताशी असणं मला फार मोलाचं वाटतं.

यातही खाचखळगे आहेत. फ्लाइट प्लॅनमधलं रजिस्ट्रेशन आणि विमानातलं जुळलं नाही तर लॉगऑन, म्हणजे केंद्राशी डेटालिंकची जोडणी होत नाही. अमुक वेळेला चढा, असा सशर्त संदेश आला की घाईत वेळ नजरेतून सुटते आणि लोक लगेच चढू लागतात. सगळ्यात फसवा प्रकार अर्ध्या अंशाचा. काही डिस्प्लेंवर ५२ उत्तर आणि ५२ अंश ३० मिनिटं उत्तर यांची छोटी नावं हुबेहूब सारखी दिसतात. ३० मैलांची चूक मुकाट्याने होऊ शकते आणि इथे रीडबॅक ऐकून अडवणारं कुणी नसतं.

तुमची उड्डाणं वर्षाकाठी दोन-चारच असतील आणि विमान लवकर वर जात असेल, तर एचएफवर राहणं चुकीचं म्हणणार नाही. नियमित जाणार असाल तर मी खर्च करेन. एचएफ संच तरीही विमानात राहतोच आणि प्रवेशाच्या वेळी सेलकॉल तपासणीही चुकत नाही. मार्ग चढवल्यावर मात्र प्रत्येक बिंदूचे पूर्ण अक्षांश-रेखांश उघडा, एकाने मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने संदेशाशी ताडून पाहावेत.