टेक्सइन्फोतले लांब प्रोटोटाइप : आठ महिन्यांनंतर

बेळगावच्या टिळकवाडीत माझं डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, कन्नड-मराठी पावत्या, आणि मधूनमधून इंजिनिअरिंगच्या पोरांची लॅब मॅन्युअलं. सी भाषेचं एक हँडबुक ए-फाइव्ह आकारात करायचं आलं, तेव्हा वर्ड सोडून टेक्सइन्फो धरलं. यात साध्या फाइलीत मजकुरासोबत ‘@’नं सुरू होणाऱ्या आज्ञा लिहायच्या, आणि त्यावरून छापील पानं तयार होतात. पैसे पडत नाहीत, हे एक कारण होतंच.

पहिला हिसका पीथ्रेड-क्रिएट या सीच्या फंक्शननं दिला. त्याचा प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं आणि ते काय परत देतं हे सांगणारी ओळ, मोजला तर १३६ अक्षरं, आणि पान १४८ मिलिमीटर रुंद. मी तो ‘अ‍ॅट-एक्झाम्पल’मध्ये टाकला. ही कोडचे नमुने जसेच्या तसे छापायची आज्ञा; तिथं ओळ आपणहून मोडत नाही. मजकूर सरळ समासात घुसला आणि शेजारी काळा ठोकळा. प्रूफ न्यायला आलेला खानापूरचा पोरगा म्हणाला, "मामा, शाई सांडली काय ओ?" ‘फायनलआउट’ ही आज्ञा लिहिली की ठोकळा जातो, ओळ मात्र बाहेरच राहते. नुसती झाकपाक.

खरी सोय ‘डेफटाइपफन’ या फंक्शनं छापायच्या आज्ञेत आहे. ओळ मोडते, पुढची आत सरकते, नाव सूचीतही जातं. पण मोडते कुठं? जागा संपेल त्या स्पेसवर. क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनमधला तुलनेच्या फंक्शनचा पॉइंटर असा फाटला की ‘कॉन्स्ट’ वर आणि ‘व्हॉइड स्टार’ खाली. नव्यानं शिकणाऱ्यानं वाचायचं कसं? टेक्सइन्फोला स्पेस कळते, सीचा कंस कळत नाही. शेवटी एकेक आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची एकेक गोष्ट) ‘अ‍ॅट-डब्ल्यू’च्या महिरपी कंसात बांधलं (आतला मजकूर ती आज्ञा मोडू देत नाही), आता ओळ मोडली तर स्वल्पविरामानंतरच. ‘डेफटाइपएफएन-न्यूलाइन’ चालू केल्यावर रिटर्न टाइपही (फंक्शन काय परत देतं ते) वेगळ्या ओळीवर गेला.

एका गोष्टीत माझी अर्धी दुपार गेली. ओळीच्या शेवटी नुसतं ‘अ‍ॅट’ लिहिलं की छापील ओळ तिथं मोडेल, असं मी धरून चाललो होतो. उलटंच आहे: ते फक्त फाइलमधल्या दोन ओळी जोडतं, छपाईशी त्याचा संबंध नाही.

देवनागरीची आशा मात्र ठेवू नका. टेक्सइन्फोच्या कॉम्प्युटर मॉडर्न टाइपात आपली अक्षरंच नाहीत. मराठी प्रस्तावना मी वेगळी करून जोडली.

मागच्या आठवड्यात निपाणीच्या एका सरांनी तेच पुस्तक ए-फोरवर मागितलं. फाइलमधली कागदाच्या आकाराची एक ओळ बदलली, पुन्हा चालवलं. बांधलेली आर्ग्युमेंटं नव्या रुंदीत आपापली बसली. मी एकाही प्रोटोटाइपला हात लावला नाही.