नंबर तुम्हीच शोधता, फोनही तुम्हीच लावता

खाली लिहिलेलं सगळं एकाच घरात, एकाच दिवशी घडलेलं नाही. बॅगा आणि विमान तिकिटांच्या तक्रारींत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका काका-काकूंच्या प्रवासात बसवलं आहे. कुठली पायरी कुठे निसटली हे त्यामुळे नीट कळतं. काका निवृत्त, काकू पहिल्यांदाच विमानात बसणार. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबाद आणि तिथून दिल्लीला लेकाकडे, असा बेत.

लुबाडणूक दोनदा झाली. आधी अठराशे रुपयांची, मग बँकेतल्या शिलकीची. पहिली टळली असती तर दुसरीची वेळच आली नसती.

बॅगेची जाहिरात मोबाइलवर दिसली. तीन बॅगांचा सेट, खोडलेली किंमत ११,९९९, आजच्या दिवस १,७९९. खाली लिहिलेलं: पॉलीकार्बोनेट, अनब्रेकेबल, केबिन साइज, टीएसए लॉक. पैसे घरी आल्यावर द्यायचे, म्हणून काका निर्धास्त. पण कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय खोका उघडू देत नाही आणि त्यात त्याची चूकही नसते, त्याला तसंच सांगितलेलं असतं. म्हणजे पैसे आपल्या हातात असतात ते खोका बंद असेपर्यंतच. उघडल्यावर आत काय आहे ते कळतं, तोवर कुरिअरवाला कोपऱ्यावरून वळलेला असतो. साइटवर पत्ता नाही, परत घ्यायची अट नाही, फक्त एक व्हॉट्सॲप नंबर. त्यावर दोन निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.

आता ती बॅग जवळून बघू. पॉलीकार्बोनेट हे प्लॅस्टिक लवचिक असतं. बॅगेच्या मधोमध अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत जातो आणि सोडला की टुपकन बाहेर येतो. स्वस्त बॅगा एबीएस प्लॅस्टिकच्या असतात. एबीएस कडक असतं, आघात झाला की वाकत नाही, तडकतं. जोरात दाबलं तर दाबल्या जागी पांढरट रेघ उमटते. 'एबीएस प्लस पीसी' असं लिहिलेल्या बऱ्याच बॅगांत पॉलीकार्बोनेटचा फक्त वरचा पातळ थर असतो. एबीएस टाकाऊच असतं असं नाही. वर्षातून एकदा पुण्याला मोटारीने जाणाऱ्याला ते पुरतं. फसवणूक आहे ती एबीएस देऊन पॉलीकार्बोनेट सांगण्यात.

मापाचीही गंमत आहे. '२० इंची केबिन बॅग' म्हणताना विकणारा फक्त पेटीची उंची मोजतो, चाकं आणि वरची मूठ धरत नाही. देशांतर्गत बऱ्याच विमान कंपन्यांची केबिनची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे, ती चाकांसकट. वजनाची मर्यादा ७ किलो, आणि बॅगच तीन किलोची असेल तर तुमच्या सामानाला उरतात चार. त्यात आपल्याकडे येणाऱ्या एटीआर जातीच्या छोट्या विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे ट्रॉली बॅग जिन्यापाशीच काढून घेऊन विमानाच्या पोटात टाकतात. अशा वेळी पॉवर बँक आठवणीने बाहेर काढायची. ती चेक-इन सामानात चालत नाही, जवळच ठेवावी लागते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते आणि मर्यादा १०० ची आहे, म्हणजे ती जवळ ठेवायला हरकत नाही. कांदा-लसूण मसाल्याचं उलटं. तिखटाची पूड केबिनमध्ये अडवतात, ती चेक-इन बॅगेतच घालावी.

टीएसए लॉक म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेला तिच्या किल्लीने उघडता येणारं कुलूप. त्याबद्दल एवढंच की देशातल्या प्रवासात त्याचा काही उपयोग नाही, आणि खऱ्या लॉकवर लाल चौकटीची खूण व टीएसए००७ सारखा क्रमांक असतो. काकांच्या लॉकवर नुसती तीन अक्षरं छापलेली होती.

खरी भानगड चाकांची. बॅग उलटी करून आतलं अस्तर चेनने उघडलं की चाकाची बैठक दिसते. तिथे स्क्रू असतील तर चाक बदलता येतं. रिबिट मारलेलं असेल तर चाक गेलं म्हणजे बॅग गेली, असं धरून चालावं. रिबिट फोडून नवी बैठक बसवणारे कारागीर आहेत, पण एबीएसचा पत्रा त्या भोकापाशी आधीच तडकलेला असतो. ओढायच्या दांड्याला लोहचुंबक लावून बघावं. चिकटलं तर दांडा लोखंडी, म्हणजे वजनदार आणि गंजणारा. दांडा पूर्ण वर ओढून डावी-उजवीकडे हलवावा, बोटभर हलला तर सहा महिन्यांत अडकणार. हे सगळं महाद्वार रोडच्या किंवा गांधीनगरच्या दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत बघता येतं. फोटोत नाही बघता येत.

दिल्लीच्या पट्ट्यावर बॅग आली तेव्हा एक चाक नव्हतं. गर्दी होती, लेक बाहेर वाट बघत होता. काकू म्हणाल्या, "अहो, घरी जाऊन बघू की." इथे पहिली पायरी निसटली. बॅग फुटली, उसवली किंवा आलीच नाही, तर आगमन कक्षातून बाहेर पडायच्या आधी त्या कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्यायचा. त्याला पीआयआर म्हणतात. सोबत लागतं ते बोर्डिंग पासवर चिकटवलेलं बॅगेच्या टॅगचं छोटं चिटोरं, ज्यावर दहा आकडी क्रमांक असतो. देशांतर्गत प्रवासात सामानासाठी कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत असते, पण चाक, मूठ, ओरखडे यांना 'वापरातली झीज' म्हणून बहुतेक कंपन्या हात वर करतात. म्हणजे त्या चाकाचे काकांना फार काही मिळणार नव्हतंच.

घरी पोहोचल्यावर काकांनी फोनवर कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला.

वर येणारा नंबर खरा असतोच असं नाही. पैसे देऊन जाहिरात वर आणता येते. नकाशावरच्या नोंदीत कुणीही 'बदल सुचवा' म्हणून नंबर बदलायचा प्रयत्न करू शकतो. विमान कंपन्यांच्या नावाने पानं बनवून त्यात स्वतःचे नंबर पेरणाऱ्या टोळ्या आहेत. आणि हा फोन अनोळखी माणसाने केलेला नसतो, आपण केलेला असतो. 'अनोळखी फोन उचलू नका' हे शंभरदा ऐकलेला माणूसही इथे सावध राहत नाही. कुणी दारात आलं तर आपण साखळी लावून बघतो, पण आपणच कुणाच्या दारात गेलो की साखळी त्यांच्याकडे असते.

फोनवर आधी गाणं वाजलं, मग 'कॉल रेकॉर्ड होत आहे' असा आवाज. पलीकडचा अदबीने बोलणारा. त्याने पडताळणीसाठी पीएनआर आणि आडनाव मागितलं. काकांनी सांगितलं. अर्ध्या मिनिटात त्याने परत वाचून दाखवलं: कोल्हापूर ते हैदराबाद अमुक वाजता, पुढचं विमान अमुक, आसन क्रमांक अमुक, सोबत काकूंचं पूर्ण नाव. इथे काकांचा विश्वास बसला.

प्रत्यक्षात त्याने काय केलं? कंपनीच्या खऱ्या साइटवर 'बुकिंग बघा' उघडून तेच पीएनआर आणि आडनाव टाकलं. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर या दोन गोष्टींवर बुकिंग उघडतं. बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. कंपनीला जाहीर तक्रार करताना पीएनआर लिहिला, तर तासाभरात 'आम्हाला मेसेज करा' म्हणणारं तोतया खातं खाली हजर होतं, तेही यामुळेच.

मग सांगितलं, भरपाई ४,००० रुपये मंजूर आहे, क्लेम फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवतो. आली ती पीडीएफ नव्हे, नावाच्या शेवटी एपीके असलेली, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल. कंपनीचा लोगो तिच्यावर होता. फोनने इशारा दिला की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे. पलीकडून उत्तर आलं, "सर, वो नॉर्मल है, अलाऊ कर दीजिए." मग प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप अडवणारा फोनमधला गूगलचा पहारा, बंद करायला लावलं. मग एसएमएस वाचायची परवानगी. मग 'एसएमएससाठी हेच मुख्य ॲप ठेवायचं का?' या प्रश्नाला हो. चार दारं होती, चारही काकांनी आतून उघडली. शेवटी फॉर्ममध्ये 'प्रक्रिया शुल्क १० रुपये' भरायला कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. दहा रुपये कापलेच गेले नाहीत, 'सर्व्हर डाउन' असं आलं. त्यांना दहा रुपये नकोच होते. कार्डाचे आकडे हवे होते, आणि ओटीपी आता ते स्वतःच वाचू शकत होते. बँकेचे मेसेज आले तेही काकांना दिसले नाहीत, कारण एसएमएसचा डबा आता दुसऱ्याच्या हातात होता. तीन टप्प्यांत खातं रिकामं झालं. कळलं ते दुसऱ्या दिवशी, एटीएमपाशी.

याची दुसरी तऱ्हा स्क्रीन शेअरची. एपीके न पाठवता प्ले स्टोअरवरचंच एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला लावतात आणि त्यातला नऊ-दहा आकडी क्रमांक विचारतात. ॲप खरं असतं, फक्त ते उघडून आपण आपला पडदा समोरच्याला दाखवतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच एनीडेस्कबद्दल बँकांना सावध केलं होतं. इतक्या वर्षांनीही युक्ती तीच चालते.

विमानतळावरची घटना तर अजून जवळची. २०२४ मध्ये बंगळूर विमानतळावर एका महिलेला लाउंजमध्ये, म्हणजे तिथल्या आरामकक्षात, प्रवेशासाठी म्हणून 'लाउंज पास' नावाचं ॲप घ्यायला लावलं, त्यात चेहराही स्कॅन करवला. पुढे तिचे फोन दुसरीकडे वळवले गेले आणि कार्डावर सुमारे ८७,००० रुपयांचा खर्च पडला. सायबर सुरक्षा कंपनी क्लाउडसेकने केलेल्या तपासणीत असं दिसलं की त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ४५० जणांनी हे ॲप घेतलं होतं आणि ९ लाखांहून जास्त रक्कम उकळली गेली होती. कोल्हापूरहून बंगळूरमार्गे पुढे जाणाऱ्याला तिथे दोन-तीन तास काढावे लागतात, लाउंजची पाटी दिसते, म्हणून हे सांगितलं. लाउंजला कार्ड घासावं लागतं किंवा बँकेच्या ॲपमधला कोड दाखवावा लागतो. दारातल्या माणसाने दिलेल्या लिंकवरून ॲप घ्यायची गरज पडत नाही.

डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर चेहरा दाखवून आत जायचं ॲप, फुकट आहे. त्याची 'नोंदणी फी' मागणारा ठग. वेब चेक-इनही फुकट. मधेच आसनांचे दर दाखवणारं पान येतं तिथे पुष्कळ लोक पैसे भरतात, पण खाली 'वगळा' असतं. ती फसवणूक म्हणता येणार नाही, पण बटण इतकं बारीक कशासाठी, हे ज्याचं त्याने ठरवावं. फेसबुकवर 'विमानतळावर हरवलेल्या बॅगा दीडशे रुपयांत' अशी विक्री दिसते, ती पानं तोतया. तीन-चारशे रुपयांचे 'जीपीएस टॅग'सुद्धा बहुधा नुसते ब्लूटूथचे असतात. टॅग तुमच्या फोनपासून लांब गेला की नकाशावर तो शेवटचा जिथे दिसला ती जागा दिसत राहते, म्हणजे तुम्ही बॅग सोपवली तो विमानतळ. बॅग हैदराबादला राहिली तरी टॅग उजळाईवाडी दाखवणार.

खरा नंबर कुठे असतो? तिकिटाच्या ईमेलमध्ये आणि कंपनीच्या ॲपच्या आत. शोध लावायचाच नाही. भरपाई द्यायला कुणी आधी पैसे मागत नाही, आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

घडलंच, तर क्रम असा ठेवा. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय बंद आहे ना ते बघा, म्हणजे चोराचा धागा तुटतो. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लावा. लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार भरा. जवळ हवं ते: खात्याचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय असेल तर १२ आकडी व्यवहार क्रमांक. पैसे पुढच्या खात्यांत फिरत असतात, म्हणून इथे तास मोजायचे नाहीत, मिनिटं मोजायची. मग बँकेला फोन करून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा आणि तक्रारीचा क्रमांक मागा. आपल्या चुकीने ओटीपी गेला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. फोन वळवला असेल तर ##००२# डायल केल्यावर सगळं वळवणं रद्द होतं. फोन रीसेट कराल, पण त्याआधी चॅट, नंबर आणि त्या फाइलचं नाव यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. पोलीस ठाण्यात तेच मागतात. काकांच्या लेकाने घाईने आधी रीसेट केला आणि मग दाखवायला काहीच उरलं नाही.

या धावपळीत बॅग विसरली जाते. काउंटरवर कागद घेतला नसला तरी सामान हातात पडल्यापासून ७ दिवसांच्या आत कंपनीला लेखी कळवता येतं. ईमेलचा पत्ता तिकिटावरून घ्यायचा, सोबत टॅगचा क्रमांक आणि तीन फोटो जोडायचे: पूर्ण बॅग, तुटलेली जागा जवळून, आणि टॅग.