बटणावर ४८ व्होल्ट, केबलमध्ये पाचसुद्धा नाहीत : ऑडिओ इंटरफेसच्या खरेदीत झालेली फसवणूक

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्यासाठी जे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारे उपकरण, घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी हे वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी स्वीकारले होते आणि त्यासाठी कंडेन्सर माइक संगणकाला जोडायचा होता. अशा बहुतेक माइकना फँटम पॉवर, म्हणजे ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो इंटरफेसकडून केबलमधूनच माइकपर्यंत जातो. एका ऑनलाइन बाजारपेठेतील विक्रेत्याकडून मी मागवलेल्या इंटरफेसवर ‘४८ व्होल्ट’ असे बटण होते, ते दाबले की लाल दिवा लागत असे आणि खोक्यावर ध्वनिमुद्रणाचा दर्जा सांगणारे ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असे आकडे ठळक छापलेले होते.

आवाज मात्र अतिशय क्षीण येई आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करण्याची पातळी, वाढवला की त्याबरोबर खरखरही वाढे. विक्रेत्याने माझ्या प्रत्येक तक्रारीला नम्रपणे उत्तर दिले, आणि खरी फसवणूक या उत्तरांतच होती. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, मग यूएसबी पोर्ट बदला, मग वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) टाका, शेवटी खोलीला जाड पडदे लावा. यांतला एकही सल्ला निखालस खोटा नव्हता. चार्जरमुळे गुणगुण येते आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो, हे खरेच आहे. म्हणूनच नवख्या माणसाला दोष आपल्या खोलीत, माइकमध्ये किंवा स्वतःच्या गळ्यात आहे असे वाटत राहते आणि तेवढ्यात वस्तू परत करण्याची मुदत उलटून जाते. माझी सात दिवसांची मुदत संपताच विक्रेत्याची उत्तरेही थांबली.

पुढे ध्वनियंत्रणा दुरुस्त करणाऱ्या एका परिचितांनी माइक काढून ठेवला, इंटरफेसला जोडलेल्या केबलच्या माइककडील टोकाशी मल्टीमीटर लावला आणि तिथल्या तीन पिनांपैकी पिन १ व पिन २ यांच्यामधील डीसी विद्युतदाब मोजला. तो ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान असायला हवा. प्रत्यक्षात पाच व्होल्टही भरला नाही. पिन ३ वरही तेच. यूएसबीतून येणारे पाच व्होल्ट न वाढवता तसेच पुढे सोडलेले होते आणि लाल दिवा केवळ शोभेचा होता. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये या उपकरणासाठी १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ एवढाच पर्याय दिसत होता. १९२ किलोहर्ट्झने २४ बिटांचे दोन चॅनेल एका दिशेने न्यायलाच सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट लागतात आणि ऐकण्यासाठी तेवढेच उलट दिशेने; आतली चिप तर यूएसबीच्या १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावर चालणारी निघाली. म्हणजे खोक्यावरचा दावा त्या चिपला पेलणे शक्यच नव्हते.

मल्टीमीटरचे आणि विंडोजच्या सेटिंगचे ही दोन्ही परीक्षणे दहा-पंधरा मिनिटांत होतात, मल्टीमीटर कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो, आणि ती खोके उघडल्याच्या दिवशीच करावीत, कारण विक्रेत्याचा सगळा डाव वेळकाढूपणावर उभा असतो. मोजताना मल्टीमीटरच्या टोकांनी दोन पिन एकमेकींना जोडल्या जाणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी.

जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही, आणि बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचे असते. मी त्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली असून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही ती नोंदवली आहे. मल्टीमीटरवरील आकड्याचे छायाचित्र, विंडोजच्या सेटिंगचे चित्र, जाहिरातीचे पान आणि विक्रेत्याशी झालेला सगळा संवाद तिला जोडला आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. ते न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. तेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दाद मागण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.