पंधरा वर्षांची गाडी: रिपासिंग करायचं, विकायची की स्क्रॅपला द्यायची?

२०२५ मध्ये आमच्या घरात एकाच सुमारास दोन गाड्यांना पंधरा वर्षं पूर्ण झाली, एक आमची पुण्यातली पेट्रोल हॅचबॅक आणि दुसरी अलिबागच्या दाजींची डिझेल गाडी. आमचं रिपासिंग झालं, दाजींची स्क्रॅपला गेली, आणि त्याच दिवसांत ऑफिसमधल्या एका मित्राने त्याची विकून टाकली. तिघांचे कागद, खर्च, हेलपाटे सगळं जवळून बघितलंय आणि तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की आमच्या गाडीचं काय करू, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी बाद असं आपल्याकडे नाहीये. खाजगी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, पंधरा वर्षांची असते, ती संपली की गाडी आरटीओला दाखवून, तपासणीत पास करून पुढची पाच वर्षं मिळतात, मग परत पाच, यालाच रिपासिंग म्हणतात. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची जी भानगड आहे ती तिकडच्या प्रदूषणावरून कोर्टाच्या आदेशांनी आली, आणि टीव्हीवर बातम्या बघून इथले लोक घाबरून चांगल्या गाड्या मातीमोल भावात देतात. आमच्या सोसायटीत एका काकांनी अशीच दिली, फक्त ४२ हजार किलोमीटर चाललेली. मला अजून वाईट वाटतं त्या गाडीचं.

आता खरा मुद्दा. लोक सुरुवात फी किती, एजंट किती घेतो इथून करतात. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात मेकॅनिकच्या रॅम्पवरून करा. गाडी वर उचलून खालून बघितल्याशिवाय तिन्हीपैकी काहीच ठरवू नका, कारण वरून पॉलिश मारलेली गाडी आणि खालून सडलेली गाडी ही एकच असू शकते.

आमच्या दोन गाड्यांचंच बघा. वय एकच, आणि दाजींची तर माझ्यापेक्षा कमी चाललेली. पण दाजींचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, गाडी पंधरा पावसाळे उघड्यावर, आणि खारी हवा. रॅम्पवर घेतल्यावर मेकॅनिकने दरवाजाखालच्या पट्टीवर, जिथे जॅक लावतात त्या जागी, स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवून दाबलं तर ते सरळ आत गेलं आणि भिजलेल्या बिस्किटासारखा पत्रा खाली पडला. मग त्याने ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खालची फरशी दिसायला लागली. दाजी काही बोललेच नाहीत, नुसते बघत राहिले. वेल्डिंग करून पत्रे मारून देणारे भेटतात, पण मेकॅनिक म्हणाला की साहेब हा नुसता पत्रा नाही, ठोकर बसली तर हाच भाग तुम्हाला वाचवतो, इथे ठिगळ लावून बहिणीला बसवू नका. त्या एका वाक्यावर निर्णय झाला.

माझ्या गाडीत खालून पत्रा शाबूत होता, फक्त सायलेन्सरच्या जोडाला गंज. पण ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढायची, त्याची मला इतकी सवय झाली होती की मी स्टेअरिंग आपोआप उजवीकडे धरायचो. ड्रम उघडल्यावर कळलं की मागचा उजवा व्हील सिलेंडर लीक, ब्रेक ऑइल लायनरवर पसरलेलं, म्हणजे त्या चाकाला ब्रेक जवळजवळ नव्हताच आणि आम्ही त्याच गाडीने आईला घेऊन महाबळेश्वर करून आलो होतो. सिलेंडर दोन्ही बाजूंचे, लायनर, पुढचे लोअर आर्म बुश, हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश, वायपर, एक टायर, सगळं मिळून साडेअकरा हजार गेले. हा खर्च रिपासिंगचा म्हणून धरू नका, हा गाडी चालवायचा खर्च आहे, तो मी वर्षभर आधीच करायला हवा होता.

टायरचं घरबसल्या बघता येतं. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी बारीक अक्षरं किंवा बाण असतो, त्याच्या रेषेत खाचेमध्ये एक छोटा उंचवटा दिसतो. टायर घासून त्या उंचवट्याला टेकला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर राहिली, कारसाठी नियमाची शेवटची मर्यादा तीच. पावसात घाट उतरणार असाल तर तिथपर्यंत थांबूच नका.

आता पैशांचं. रिपासिंगला साध्या कारची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० आहे, आधी ६०० होती त्यामुळे जुन्या लोकांना धक्का बसतो. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात, तो पाच वर्षांचा एकदम, पेट्रोल कारला ३,००० आणि डिझेलला ३,५००. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, कारला ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८८० च्या आसपास, आणि ती नसेल तर आरटीओतलं काम अडतं म्हणून हे सगळ्यात आधी करा. शिवाय पीयूसी, चालू इन्शुरन्स, तपासणीची फी, स्मार्ट कार्ड. साधारण दहा हजार धरून चाला, दुरुस्ती सोडून. साठ महिन्यांवर पसरलं तर महिन्याला पावणेदोनशेसुद्धा होत नाहीत. ज्याची गाडी धड आहे त्याला याच्याइतकं स्वस्त दुसरं काहीच नाही, नवीन गाडीचा एक हप्तासुद्धा याच्यापेक्षा मोठा असेल. गाडी वीस वर्षांच्या पुढची असेल तर मात्र ऑगस्ट २०२५ पासून फी दुप्पट, कारला १०,०००. दर बदलत राहतात, अर्ज भरताना पोर्टलवर येईल तो आकडा खरा.

उशीर केलात तर आरसी संपल्यापासून कारला दर महिन्याला ५०० रुपये दंड चढतो. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. आरसी संपलेली गाडी रस्त्यावर म्हणजे कायद्याने नोंदणी नसलेली गाडी, पहिल्यांदा पकडलं तर ५,००० पर्यंत दंड, आणि त्यात अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारायला मोकळी. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, तो वापरा.

स्वतः करायचं की एजंट? मी दोघा एजंटांना विचारलं, एक अडीच हजार म्हणाला, दुसरा चार, दोन्ही फी सोडून. मी स्वतः केलं. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, फॉर्म २५, पैसेही तिथेच, गाडी मात्र प्रत्यक्ष न्यावी लागते. अर्धा दिवस रजा गेली. चेसी नंबरचा छाप लागतो, म्हणजे बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यावर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, अंक पांढरे उमटतात. माझ्या नंबरावर पंधरा वर्षांचं तेल आणि धूळ बसलेली, तिथे उभ्या उभ्या रुमालाने पुसत बसलो, तुम्ही घरूनच रॉकेल लावून साफ करून जा. इन्स्पेक्टरने नंबर आरसीशी ताडून बघितला, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हेडलाइटचा वर-खाली, सीटबेल्ट, मग थोडं पुढे नेऊन ब्रेक मारायला सांगितला. गाडी सरळ रेषेत थांबली. दहा मिनिटांत झालं आणि खरं सांगतो, तेव्हा मला खूप बरं वाटलं, कारण ते पास होणं कागदावरचं नव्हतं.

एजंट वाईट असं माझं म्हणणं नाही. वय झालेलं असेल, रजा मिळत नसेल, गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर खुशाल द्या काम. पण जो म्हणेल की गाडी आणायचीच गरज नाही, त्याला देऊ नका. गाडी न बघता मिळालेल्या फिटनेसचा तुमच्या बायकापोरांना काय उपयोग?

अडतं कुठे ते सांगतो. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असतो, कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असलं तरी, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जास्त दिवस धरा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर चढलेलं नसेल तर गाडी अडते, आणि सिलेंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, तिची मुदत संपलेली असेल तरीही. काचांची काळी फिल्म, पुढचा लोखंडी गार्ड, आवाज करणारा सायलेन्सर, हे काढूनच जा. थकलेली ई-चलानं भरून टाका.

आता स्क्रॅप. दाजींना गल्लीतला भंगारवाला सरकारमान्य स्क्रॅप केंद्रापेक्षा पाच हजार जास्त देत होता, रोख, त्याच संध्याकाळी. तरी त्यांनी केंद्रालाच दिली आणि मला ते शंभर टक्के पटलं. भंगारवाल्याकडे गाडी तुटते पण सरकारी नोंदीत ती तुमच्या नावावर जिवंत राहते, आणि तिचा नंबर नि चेसी नंबर उद्या कुठल्या चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस तुमच्या दारात येणार. मान्यताप्राप्त केंद्र नोंदणी रद्द करण्यापर्यंत सगळं करतं आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला, देतं. त्या सर्टिफिकेटवर नवीन गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, केंद्र सरकारच्या नियमात खाजगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं, म्हणून बुकिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या. ते सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावे करता येतं, त्यामुळे दाजी स्वतः लगेच गाडी घेत नसले तरी वाया जात नाही. पैसे वजनावर मिळतात, फार अपेक्षा ठेवू नका. बॅटरी, स्टेपनी काढून घेतली तर तेवढे कमी होतात, ते आधी बोलून घ्या.

विकणं वरवर सगळ्यात सोपं वाटतं, आणि मला तेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. आरसी संपत आलेली गाडी घेणारा रिपासिंगचे पैसे, संभाव्य दुरुस्ती आणि स्वतःचा नफा हे सगळं तुमच्या किमतीतून कापतो, मित्राला तर आधी रिपासिंग केलं असतं तर खर्च वजा जाऊन वीसेक हजार जास्त मिळाले असते असं त्याचं त्यालाच नंतर दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर कळलं. पण पैशापेक्षा नावाचं बघा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली आणि घेणाऱ्याने नावावर केलीच नाही, तर अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. मित्राची गाडी चार महिने त्याच्याच नावावर होती, रोज मोबाईलवर आरसी तपासायचा, रात्री अनोळखी नंबरचा फोन आला की दचकायचा. विकायचीच असेल तर रिपासिंग करून, ट्रान्सफरची पावती हातात घेऊनच चावी द्या.

म्हणजे कोणाला काय? पत्रा शाबूत, वापर आहे, तर रिपासिंग, विचारच करू नका. पत्रा सडलाय किंवा दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातेय, तर स्क्रॅप. गाडी चांगली आहे पण घरात वापरच नाही, तर रिपासिंग करून ओळखीत विका.

पिवळ्या प्लेटवाल्यांचं गणित वेगळं आहे. टॅक्सी-टेम्पोला नवीन गाडीवर दोन वर्षांचं फिटनेस, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. ते चुकवलं तर धंदाच बंद, त्यामुळे ते लोक आपल्यापेक्षा जास्त जागरूक असतात.

दुचाकीला रिपासिंगची फी १,०००, ग्रीन टॅक्स २,०००, नंबरप्लेट ४५० अधिक जीएसटी, म्हणजे बाकी किरकोळ धरून चारेक हजार. जुन्या स्कूटरची बाजारात किंमतच दहा-बारा हजार असते तेव्हा हा आकडा टोचतो. बाबांच्या स्कूटरची आरसी येत्या मार्चमध्ये संपतेय, ते रोज सकाळी तिच्यावरून भाजी आणायला जातात आणि दुसरी गाडी त्यांना नकोय. रविवारी मेकॅनिककडे नेतोय, फ्लोअरबोर्ड उघडून खालची चेसी बघायची आहे, मग ठरवू.