दापोलीतला मुलांचा स्लाइड-शोचा क्लास

लेक पाचवीत आहे. क्लासमध्ये लिब्रेऑफिस इम्प्रेस हे स्लाइड्स बनवायचं सॉफ्टवेअर शिकवतात. ते फुकट मिळतं, त्यामुळे घरीही सराव होतो. बाईंची पद्धत मला फार आवडली. आधी वहीत चौकटी आखायच्या, एका चौकटीत एकच मुद्दा, मगच माउसला हात. लेकीने वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांवर स्लाइड्स केल्या. पहिल्या स्लाइडवर अख्खा निबंध होता. बाईंनी तो तिलाच मोठ्याने वाचायला लावला. मग तिनेच खोडून ‘अंडी वाळूत, पिल्लं समुद्रात’ एवढंच ठेवलं. एफ ५ दाबून शो सुरू केल्यावर ती पडद्याकडे पाठ करून, आमच्याकडे बघत बोलली! अक्षरं उडवणारे इफेक्ट सगळ्यात शेवटी शिकवतात, ते योग्यच. तक्रार एकच: पावसाळ्यात लाइट गेली की तास बुडतो. इन्व्हर्टर बसवाच.