कॉलेज लायब्ररीचं व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल आणि इन्स्टा पेज, वापरून झालेला अनुभव

मी एम.ए. इकॉनॉमिक्सला आहे, कॉलेज तालुक्याच्या गावचं, अनुदानित. रोज एसटीने ये-जा, लेक्चर संपलं की गाडी गाठायची, त्यामुळे रीडिंग हॉलमध्ये बसणं वगैरे जमतच नाही. लायब्ररीने व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल आणि इन्स्टा पेज काढलं त्याचा खरा उपयोग आमच्यासारख्या बाहेरगावच्या पोरापोरींना झालाय म्हणून हा रिव्ह्यू.

सगळ्यात भारी काय तर एन-लिस्ट. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची (यूजीसीची, कॉलेज-विद्यापीठांच्या लायब्ररींसाठी काम करणारी संस्था) ही ऑनलाइन सेवा, कॉलेजने मेंबरशिप घेतली की मुलांना घरबसल्या ६ हजारांवर ई-जर्नल्स आणि लाखाच्या वर ई-बुक्स उघडतात. कॉलेज वर्गणी भरतंय आणि निम्म्या वर्गाला नावही माहीत नाही अशी परिस्थिती होती, नोटीस बोर्डवर कागद लावलेला असायचा पण त्याच्यासमोर थांबतं कोण. लायब्ररीच्या मॅडमनी (ग्रंथपाल) मोबाईलच्या स्क्रीनवर लॉगिन कसं करायचं, पासवर्ड विसरलो तर काय, हे दाखवणारी छोटी रील मराठीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर आयडी मागायला रांग!! प्रोजेक्टसाठी मला जुने रिसर्च पेपर हवे होते ते मी घरी ओट्यावर बसून डाउनलोड केलेत.

चॅनेलच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता तो वाईट होता. १०२४ च्या वर मेंबर घेता येत नाहीत, गुड मॉर्निंगचा पूर, आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसायचे, मुलींना अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागले तेव्हा कित्येकजणी बाहेर पडल्या. चॅनेलवर फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत हे फार बरं झालं. पण चॅनेलवर आपण उलट विचारू शकत नाही, नुसता इमोजी द्यायचा, म्हणून लायब्ररीचा वेगळा नंबर ठेवलाय आणि माझ्या मते सगळी सर्व्हिस त्या नंबरवर उभी आहे. पुस्तक आत आहे का बाहेर गेलंय, मागच्या वर्षीचा क्वेश्चन पेपर आहे का, विचारलं की लायब्ररीच्या वेळेत उत्तर येतं. रात्री ११ ला मेसेज टाकून लगेच रिप्लाय नाही म्हणून चिडणारे आहेत, त्यांना सांगणं आहे की मॅडम आणि एक अटेंडंट एवढाच स्टाफ आहे, पुस्तकं देणं-घेणं, नॅकची (कॉलेजला ग्रेड देणारी संस्था) फाईल, सगळं तेच बघतात.

टेक्स्टबुकची स्कॅन पीडीएफ मात्र मागू नका, मिळणार नाही. टेलिग्रामवर मिळते, इथे का नाही असं मुलं म्हणतात, पण कॉपीराइट असलेलं पुस्तक लायब्ररीने स्वतः वाटणं चूकच. त्याऐवजी मॅडम नॅशनल डिजिटल लायब्ररीची लिंक देतात, नाहीतर शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या साइटवरचा त्या विषयाचा प्रबंध, आणि कितवं प्रकरण बघ हेही सांगतात. हे गुगल करून होत नाही हो, त्याला समोर विषय समजणारं माणूस लागतं.

आता इन्स्टा. तिथे गडबड आहे. जयंती, पुण्यतिथी, हार अर्पण करतानाचे फोटो यांनीच पेज भरलंय. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीचा बॅनर टाकला, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, त्या दिवशी तेवढाच धरून काहीतरी कामाचं सांगितलं असतं तर किती छान झालं असतं. दुसरं म्हणजे लिंक कॅप्शनमध्ये टाकतात, इन्स्टावर कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, ती बायोमध्ये द्यायला हवी. आणि नवीन पुस्तकांची यादी स्टोरीत टाकली की २४ तासांनी गायब, निदान हायलाइट्समध्ये तरी ठेवा. काम थोडंसंच आहे, वर्गातली दोन-तीन मुलं मदतीला घेतली तर आनंदाने करतील, मी स्वतः करायला तयार आहे.

माझ्याकडून चॅनेल आणि नंबरला ५ पैकी ५, इन्स्टाला २.

यंदा अ‍ॅडमिशन घेतलेल्यांनी बीटी कार्ड (पुस्तक घरी न्यायचं लायब्ररी कार्ड) काढायला जाल तेव्हाच एन-लिस्टचा आयडी मागून घ्या, लायब्ररीचा नंबर सेव्ह करा, आणि मेसेज करताना नाव, वर्ग, विषय आणि नक्की काय पाहिजे ते एकाच मेसेजमध्ये लिहा, नुसतं हाय टाकून वाट बघत बसू नका.